माझ्या लेकीच्या नावापुढचा शेरा

प्रति,
आमच्या गावच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक व सर्व गुरुजन,
ग्रामसेवक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि अंगणवाडी ताई,
ता. कोरेगाव, जि. सातारा

विषय: शाळाबाह्य मुलांच्या यादीत आलेल्या माझ्या मुलीबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या गुरुवारी दुपारी तुमच्यापैकी तिघं आमच्या ओट्यावर येऊन बसलात. हातात सर्वेक्षणाची वही होती. पहिला प्रश्न होता, "मुलगी शाळेत का येत नाही?" दुसरा प्रश्न ताईंनी आवाज बारीक करून विचारला, "लग्नाबिग्नाचं काही बघताय का?" मी नाही म्हटलं, पाणी दिलं, तुम्ही लिहून घेऊन गेलात. लेक दाराआड उभी होती. तिनं दोन्ही प्रश्न ऐकले. रात्री जेवताना तिनं एवढंच विचारलं, "आई, माझ्या नावापुढं काय लिहिलं गं त्यांनी?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला सांगवलं नाही. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं.

आधी एक गोष्ट. त्या दुसऱ्या प्रश्नाचा मला त्या रात्री राग आला होता, आता नाही. आपल्या भागात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी अचानक शाळेत यायची बंद झाली तर ताईंनी तोच प्रश्न विचारायला हवा. २००६ चा बालविवाहाचा कायदा आहे, ग्रामसेवकांवर त्याची जबाबदारी आहे, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला आहे. ते सगळं असूनही मुली जातातच, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हा माझ्यावरचा संशय सोडू नका, ही माझी पहिली विनंती. दर महिन्याला या. माझ्याशी नको, तिच्याशीच बोला, हवं तर मी मळ्यात जाऊन थांबेन. फक्त येताना एक तास काढून या, आणि ती काय शिकते तेही बघा.

मी शाळेच्या विरोधात नाही. मी स्वतः रयतच्या शाळेत शिकले. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी जी संस्था सुरू केली, ती नसती तर आमच्या घरातली एकही बाई दहावीपर्यंत पोचली नसती. पुढं मी डी.एड. केलं. भरतीची वाट बघता बघता वय गेलं, ते असो. थोरला मुलगा आपल्याच हायस्कूलमधून दहावी झाला, आता आयटीआयला आहे, आणि तुमच्या हाताखाली तो चांगला घडला. त्याला शाळा मानवली. धाकटीला मानेना.

आठवीच्या वर्षी तिला सोमवारी सकाळी पोटात दुखायचं. रविवारी नाही, सुट्टीत नाही. आम्ही साताऱ्याला दवाखान्यात दाखवलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. लहानपणी ही पोर प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. चिंच आंबट का, विहिरीचं पाणी थंडीत कोमट का. आठवीत तिचा एकही प्रश्न मला आठवत नाही. घरी आली की दप्तर कोपऱ्यात, आणि भिंतीकडं तोंड करून झोप. यात कुणा एका गुरुजींचा दोष मी म्हणत नाही. साठ पोरांच्या वर्गात एक गप्प मुलगी म्हणजे त्रास न देणारी मुलगी, एवढंच दिसतं. मी शिकवायला उभी असते तर मलाही तेवढंच दिसलं असतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती आठवी पास झाली. चौदा वर्षं तिला त्याआधी फेब्रुवारीतच पूर्ण झाली होती. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. तो आम्ही पाळला आणि मग तिला घरी ठेवलं. दहावीला ती सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसेल, आपल्याच कोल्हापूर विभागीय मंडळातून. तेही जमलं नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, तिला पाच विषय लागतात आणि वर्षातून दोनदा ती होते. येत्या मार्चला नाही तर त्याच्या पुढच्या. आम्हाला घाई नाही. कागदाचं एवढंच, ते मी चौकशी करून ठेवलं आहे.

खरं सांगायचं आहे ते घाई नसण्याबद्दल.

आमचं घर माळकरी. सासूबाईंनी चाळीसेक वर्षं आषाढी चुकवली नाही. सगळी वाट आता होत नाही, तर नीरेपासून बरडपर्यंत तरी चालतात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातली पालखीची वाट. संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो, घरातलं कुणी ना कुणी जातंच. लेकीला घरी ठेवायचं ठरवलं तेव्हा मी डी.एड.वाली, साहजिकच वेळापत्रक केलं. सहा ते सात गणित, सात ते आठ इंग्रजी, रंगीत पेनांनी रेघा मारून भिंतीला चिकटवलं. सासूबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "शाळा सोडवलीस कशाला मग? तिथं निदान मैत्रिणी तरी होत्या."

मी ते काढून टाकलं. त्यानंतरचे महिने फार अवघड गेले. जून गेला, आषाढ गेला. वारीला चल म्हटलं तर पाय दुखतो म्हणाली. पुस्तक उघडलं नाही. शेळीच्या करडाजवळ तासन् तास बसायची, झोपायची, उठायची. मालक रोज विचारायचे, "किती दिवस असं?" आणि माझ्याकडं उत्तर नसायचं. हरीवर भार टाकला असं तोंडानं म्हणणं सोपं असतं. रात्री दीड वाजता उठून आपण पोरीचं आयुष्य नासवलं तर नाही ना, हा विचार आला की ते तोंडानं म्हटलेलं कुठल्या कुठं जातं. मी तेव्हा देवळात जाऊन रडले आहे. शेवटी सासूबाईंनी मला जवळ बसवून सांगितलं, "दिंडीत एखादं लेकरू दमलं तर दिंडी थांबत नाही. पण त्याच्यासंगं एक जण मागं राहतो. मुक्कामाला दोघंबी पोचत्यात. तू मागं राहा."

आमची शिकवण्याची पद्धत काय, असं कुणी विचारलं तर हीच. मी तिच्यासोबत मागं राहिले.

भाद्रपदात आमच्या आल्याच्या पिकात कंदकूज शिरली. पाऊस लागून राहिला होता, खालच्या अंगाला पाणी तुंबलं, आठ दिवसांत पानं पिवळी पडून खोड हाताला येऊ लागली. वर्षाचा पैसा त्यात अडकलेला. त्या संध्याकाळी हरिपाठाहून येताना लेक अचानक बोलली, "आपण रोज म्हणतो ना हरिपाठ? मग आपलेच कंद का कुजले?"

कितीतरी महिन्यांनी तिनं प्रश्न विचारला होता, आणि तोही असा की मी अंधारात थबकलेच. असं बोलू नये, असं ओठावर आलंही होतं. सासूबाई पुढं चालल्या होत्या, त्यांनी मागं न बघता उत्तर दिलं, "कंद कुजले ते पाणी तुंबलं म्हणून. हरिपाठ कंदासाठी नसतो म्हणायचा, आपल्यासाठी असतो." थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पाणी का तुंबलं ते बापाला विचार."

तिनं खरोखर विचारलं. बापाबरोबर वाफ्यात गेली. उतार कुठं आहे, चर कुठं बुजला, कूज कुठल्या कोपऱ्यातून सुरू झाली, हे तिनं वहीत काढलं. बुरशीनाशकाच्या डब्यावरचं बारीक अक्षरातलं इंग्रजी शब्द शब्द लावून वाचलं, अडलं तिथं मोबाईलवर ऐकलं. दुकानदारानं ट्रायकोडर्माचं नाव सांगितलं. ही पण बुरशीच, आणि कूज करते तीही बुरशीच, मग एक बुरशी दुसरीला कशी आवरते, यावर तिनं पंधरा दिवस घरादाराचं डोकं खाल्लं. यंदा मे महिन्यात लागण झाली तेव्हा बेणंप्रक्रिया, म्हणजे लावायच्या कंदांना औषध लावणं, तिनं केली, गादीवाफे उंच घ्यायचे असा हट्ट धरला आणि वाफ्याच्या टोकाला चर काढून घेतले. पीक आता शेतात आहे. यंदा कूज येणारच नाही असं मी लिहिणार नाही. पाऊस आपल्या हातात नाही आणि आलं निघायला अजून अवकाश आहे.

विठ्ठलाच्या नावानं आम्ही तिला काय शिकवलं असेल, तर तो प्रश्न विचारायला घाबरू नकोस, एवढं. देवाच्या नावाखाली पोरीला कोंडून ठेवली आहे, असं गावात कुणी कुणी बोलतं ते माझ्या कानावर आहे. ज्यांना असं वाटतं त्यांनी त्या संध्याकाळचा तिचा प्रश्न ऐकायला हवा होता. देवावरची श्रद्धा ही काही बीजगणिताच्या जागी ठेवायची वस्तू नव्हे. ती मला उपयोगी पडली ती थांबायला. आज नाही जमलं तर उद्या जमेल, आणि नाही जमलं तरी ही पोर माझीच आहे आणि पांडुरंगाचीही आहे, हे रोज स्वतःला सांगायला.

यंदा ती आपण होऊन वारीला आली. नीरा नदी ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते, तिथं माउलींच्या पादुकांना नीरेचं स्नान घालतात. लोणंद, मग चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण, तरडगाव, फलटण, बरड. मी लहानपणापासून ऐकलेली ही नावं. तिनं मात्र लोणंदला मुक्कामाला भाकरी खाताना विचारलं, "नीरेचं पाणी पुढं कुठं जातं?" राहुटीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, नरसिंहपूरला भीमेला मिळतं. आणि भीमा? भीमा पंढरपूरला जाते, तिथं तिला चंद्रभागा म्हणतात. लेक खाता खाता थांबली. "म्हणजे ज्या पाण्यात पादुका धुतल्या ते पाणी पण पंढरपूरलाच चाललंय?" राहुटीतली सगळी माणसं गप्प झाली. इतकी वर्षं चालणारी माणसं, पण हे असं कुणी मनात जोडलं नव्हतं. बाबांनी कानाला हात लावून तिला नमस्कार केला.

घरी आल्यावर तिनं चार कागद जोडून नकाशा काढला. आपल्या तिळगंगेचं, वसनेचं पाणी कृष्णेत जातं. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते. कृष्णा कराडवरून, सांगलीवरून कर्नाटकात जाते, भीमाही पंढरपूरवरून कर्नाटकात उतरते, आणि रायचूरकडं दोन्ही एक होतात. म्हणजे आपल्या विहिरीजवळचा ओढा आणि चंद्रभागा शेवटी एकच. हा नकाशा आमच्या स्वयंपाकघरात लावला आहे, पूर्वी जिथं माझं वेळापत्रक होतं तिथंच. त्यात तिनं एक छोटं आरफळही दाखवलं आहे, कारण पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळचे, आपल्याच जिल्ह्यातले, हे तिला वाटेत कळलं होतं.

हिशेब ती आल्याच्या पिकावरच शिकली. आपल्याकडं आल्याचा दर गाडीवर बोलतात, गाडी म्हणजे पाचशे किलो. व्यापारी बांधावर येऊन "बत्तीस हजार" म्हणाला की तिचा आकडा तयार असतो, चौसष्ट रुपये किलो. डेअरीतल्या फॅटच्या चिठ्ठ्यांनी दशांश अपूर्णांक पक्के झाले. बीजगणित मात्र अडलं आहे. समीकरणाची दुसरी बाजू आली की तिचं लक्ष उडतं, आणि माझीही शिकवण्याची हातोटी तिथं संपते. हे मी लपवत नाही. शाळेत असती तर तो भाग तिचा एव्हाना झाला असता.

आणखीही एक गोष्ट शाळेत असती तर झाली असती. साडेपाचला पोरी घरी येतात तेव्हा ही रस्त्याच्या कडेला उभी असते. त्या हसत येतात, दोन मिनिटं बोलतात, मग आपापल्या गोष्टींत पुढं जातात, कुठल्या बाई काय म्हणाल्या, सहलीला कुठं जायचं. ही त्यात नसते. मला ते घरातून दिसतं. आजीची, करडांची, देवळातल्या टाळकऱ्यांची संगत खूप आहे तिला, पण तिच्या वयाचं त्यात कुणी नाही.

म्हणून मुख्याध्यापक साहेब, मला तुमच्याकडं मागायचं आहे. संध्याकाळी मैदानावर मुली खो-खो खेळतात तेव्हा तिला खेळू द्या. स्पर्धेच्या संघात घेता येणार नाही हे मला कळतं, ती पटावर नाही. नुसतं पळू द्या. ग्रंथालयातलं पुस्तक माझ्या सहीवर, माझ्या जबाबदारीवर द्या. आणि प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे, थोरला सांगायचा. ट्रायकोडर्मा कसा दिसतो हे तिला एकदा डोळ्यानं बघायचं आहे. वर्षभर ती हेच म्हणते आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास जरी दिलात तरी पुरे. दहावीची प्रात्यक्षिकंही तिला कुठंतरी करायचीच आहेत, ती आपल्याच शाळेत व्हावीत असं मला वाटतं.

सावित्रीबाईंचं नाव मी घेणार नव्हते, कारण ते कुणीही कशासाठीही घेतं. पण नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं आहे, खंडाळा तालुक्यात, आणि त्यांचं पहिलं शिक्षण घरीच झालं, जोतीरावांकडून. लेकीनं मला हे दाखवलं तेव्हा ती फार खूश होती. मी तिला म्हटलं, त्यांना शाळेचं दार बंद होतं म्हणून त्या घरी शिकल्या, आणि १८४८ साली पुण्यात मुलींसाठी त्यांनी शाळाच काढली. तुझ्यासाठी दार उघडं आहे. तुला घरी राहता येतं ते त्यांनी दार उघडलं म्हणून. यावर ती बराच वेळ गप्प होती. मीही होते.

तसं बोलायला मला एक कारण घडलं होतं आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. दोन महिन्यांपूर्वी गिरणीत दळण घेऊन गेले होते. तिथं आपल्याच गावातली एक बाई मला म्हणाली, "तुमचीबी घरीच हाय की. आमची बसवली तर काय झालं?" तिची मुलगी दहावीत गेली होती. ती बाई हसत म्हणाली, पण माझ्या पोटात गोळा आला. माझ्या लेकीला मी घरी ठेवली ती शिकायला, आणि शिकवायला घरात मी आहे, तिची आजी आहे, तिच्या बापाला तिच्यासाठी वेळ आहे. त्या घरात यातलं काहीच नाही. त्या पोरीला धुणीभांडी आहेत, धाकटी दोन भावंडं आहेत आणि मामाच्या गावाकडून येणारी स्थळं आहेत. तिच्या आईला माझ्या घराचं उदाहरण मिळालं.

मी त्या घरी तीनदा गेले. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा "बघू" म्हणाले, तिसऱ्यांदा दारातच बोलणं झालं. मुलगी अजून शाळेत आलेली नाही. मी काय सांगणार, माझी स्वतःचीच मुलगी घरी आहे, या एका वाक्यापुढं माझं काही चालत नाही. तुमचं चालेल.

माझ्या लेकीच्या नावापुढं "शाळाबाह्य" लिहिलं असेल तर त्याच्या पुढं कंसात "घरी शिकत आहे" एवढे शब्द जमल्यास वाढवा. नियमात बसत नसेल तर राहू द्या, मी तिला समजावीन. पण त्या दुसऱ्या मुलीचं नाव तुमच्या वहीत आहे का, हे आधी बघा. कारण तुम्ही आमच्या ओट्यावर आलात त्या दिवशी ती आजोळी गेली होती, असं मला नंतर कळलं. येत्या गुरुवारी डेअरीला दूध घालून झालं की साडेआठच्या सुमारास मी मोकळी असते. मुख्याध्यापक, ग्रामसेवक, ताई, तुम्ही आलात तर आपण सगळे मिळून त्या घरी जाऊ. माझी लेकही येते म्हणाली आहे. त्या दोघी चौथीपर्यंत एका बाकावर बसायच्या.

जय हरी.

आपली,
गावातलीच एक आई